फिनॉल गेलं कुठे?

बायोचारवर, म्हणजे जैविक कचरा भाजून केलेल्या कोळशावर, जिवाणू बसवून सांडपाण्यातलं फिनॉल हे विषारी प्रदूषक साफ केल्याचा आलेख कुणी समोर ठेवला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: फिनॉल गेलं कुठे? आलेख बहुतेक सारखेच असतात. आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर पाण्यात उरलेलं फिनॉल, आणि रेघ पहिल्या तासातच धाडकन खाली आलेली. बघणाऱ्यांना आनंद होतो. मला मात्र नेमकी त्या पहिल्या तासाचीच शंका येते. जिवाणू आधीपासून फिनॉलवर वाढवलेले नसतील, तर ते पचवायची एन्झाइमं बनवण्यातच त्यांचा बराच वेळ जातो. इतक्या लवकर निम्मं फिनॉल दिसेनासं झालं असेल तर ते बहुतेक कोळशाने धरून ठेवलेलं असतं. म्हणजे ते अजून त्याच भांड्यात आहे, फक्त आपण तपासतो त्या पाण्यात नाही.

मी गेली काही वर्षं लाकडाचा बायोचार आणि फिनॉल खाणारे स्यूडोमोनास जातीचे जिवाणू या जोडीवर काम करते आहे. या विषयावर हल्ली भरपूर लिहिलं जातं, आणि त्यातलं बरंचसं कोळशाच्या कौतुकात संपतं. कोळसा कौतुकाचा आहेच. पण प्रदूषक मोडायचं काम जिवाणूंचं असतं, आणि ते मोडलं की नुसतं जागा बदलून बसलं, हे तपासल्याशिवाय पाणी साफ झालं असं म्हणायला माझं मन धजत नाही.

बायोचार म्हणजे हवा जवळजवळ बंद ठेवून साधारण ३०० ते ७०० अंश सेल्सिअसला भाजलेला जैविक कचरा. लाकडाचा भुसा, भाताचं तूस, करवंट्या, सांडपाण्याचा वाळवलेला गाळ, काहीही चालतं. कच्चा माल महत्त्वाचा असला तरी भट्टीचं तापमान त्याहून जास्त बोलतं. ३५० अंशाच्या आसपास भाजलेल्या कोळशावर ऑक्सिजनयुक्त गट शिल्लक राहतात, आणि डांबरी द्रव्यंही त्याच्या अंगात मुरलेली असतात. ७०० अंशाला ती जळून, उडून जातात, छिद्रं उघडतात, पृष्ठभाग वाढतो, पण हातात येणारा कोळसा कमी भरतो आणि त्यातल्या राखेचं प्रमाण वाढतं. राखेमुळे पाणी अल्कधर्मी होतं. सामू ९-१०च्या घरात गेलेल्या पाण्यात आपले जिवाणू नीट वाढत नाहीत, म्हणून कोळसा धुवायचा, परत धुवायचा, धुवणाचा सामू खाली येईपर्यंत धुवायचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळून चालत नाही.

नव्या मुलामुलींना मी एक छोटी चाचणी करायला लावते. कमी तापमानाला भाजलेला, न धुतलेला कोळसा शुद्ध पाण्यात ढवळायचा, पाणी गाळून घ्यायचं, आणि त्याच पाण्याची फिनॉलसाठी तपासणी करायची. ४-अमिनोअँटिपायरिन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड घातलं की फिनॉल असलेलं पाणी लालसर होतं आणि ५०० नॅनोमीटरला ते मोजता येतं. या पाण्यात आपण फिनॉल घातलेलंच नसतं. तरीही लाली येते! लाकडातलं लिग्निन भाजताना फिनॉलवर्गीय द्रव्यं तयार होतात, त्यातली काही कोळशावरच थिजतात आणि पाण्यात सुटतात. ज्याने पाणी साफ करायचं तोच आधी पाण्यात भर घालतोय, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे कुणी कोरा, म्हणजे फिनॉल न घातलेला, नमुना घ्यायला विसरत नाही.

आता छिद्रांबद्दल. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

कोळशाची जाहिरात त्याच्या पृष्ठफळावर चालते: एका ग्रॅममध्ये इतके शे चौरस मीटर. हा आकडा उणे १९६ अंशाला नायट्रोजनचे रेणू पृष्ठभागावर बसवून काढतात. नायट्रोजनचा रेणू नॅनोमीटरहून लहान, त्यामुळे तो कुठेही शिरतो. ते पृष्ठफळ मुख्यतः २ नॅनोमीटरहून अरुंद छिद्रांचं असतं. फिनॉलचा रेणूही नॅनोमीटरपेक्षा लहानच, त्याला ती जागा उपयोगी पडते. पण जिवाणू साधारण एक मायक्रोमीटर लांबीचा, म्हणजे हजार नॅनोमीटर. फिनॉलचा रेणू मोहरीएवढा धरला तर जिवाणू एका खोलीएवढा होईल. ज्या पृष्ठफळाचा आपण गवगवा करतो, त्यातल्या जवळपास कुठल्याच भागात जिवाणू पाऊल ठेवू शकत नाही.

जिवाणू राहतात ते मोठ्या पोकळ्यांमध्ये. झाड जिवंत असताना ज्या नळ्यांतून पाणी वर चढत होतं, त्या भाजल्यावरही बऱ्याच अंशी तशाच टिकतात. त्यांची रुंदी दहा-वीस मायक्रोमीटरपासून शंभराच्याही पुढे असते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कोळशाचा आडवा तुकडा ठेवला की त्या नळ्यांची तोंडं ओळीने दिसतात, आणि नशीब चांगलं असेल तर एखाद्या तोंडाच्या आतल्या काठाला लांबट जिवाणू चिकटलेले दिसतात, मध्ये चिकट द्रव्याचे धागे ताणलेले. अशी प्रतिमा पहिल्यांदा पडद्यावर उमटली तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून होते. एका पेशीच्या बाजूला दुसरी विभागली जात होती, मधली खाच स्पष्ट दिसत होती.

म्हणून माझं मत असं आहे की जिवाणूंसाठी कोळसा निवडताना पृष्ठफळाच्या आकड्यामागे धावू नये. मोठी आणि बारीक अशी दोन्ही छिद्रं एकमेकांना लागून हवीत. बारीक छिद्रांत प्रदूषक साठेल, मोठ्यांत जिवाणू राहील, आणि दोघांमधलं अंतर काही मायक्रोमीटरचं असेल. कोळसा फार बारीक दळला तर नेमक्या या नळ्याच मोडतात आणि पुढे ती भुकटी पाण्याबरोबर वाहून जाते. भुकटीने रेणू पटकन पकडले जातात हे खरं, पण राहायची जागा गेली त्याचं काय?

पुढचा प्रश्न जिवाणू बसवायचे कसे. साधी पद्धत म्हणजे धुतलेला कोळसा जिवाणूंच्या वाढत्या कल्चरमध्ये टाकून शेकरवर हळू फिरवत ठेवायचा. कोरडा कोळसा आधी तरंगतो, कारण नळ्यांत हवा भरलेली असते. उकळून किंवा निर्वात करून ती हवा काढावी लागते. निर्वात पंप लावला की कोळशाच्या तुकड्यांतून बुडबुड्यांच्या बारीक माळा निघतात आणि एकेक तुकडा तळाला जाऊन बसतो. हे न करता कल्चर ओतलं तर जिवाणू बाहेरच राहतात.

तरीही ते लगेच चिकटत नाहीत. उदासीन सामूला जिवाणूची बाह्य भिंत ऋणभारित असते आणि कोळशाचा पृष्ठभागही बहुधा ऋणभारितच. दोघं एकमेकांना दूर ढकलतात. कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे दोन धनभारांचे आयन मध्ये आले की जोडणी सोपी होते, आणि मग जिवाणू स्वतःच चिकट द्रव्य सोडून पक्के होतात. ज्यांना थांबायला वेळ नसतो ते जिवाणू आणि कोळसा सोडियम अल्जिनेट या जेली बनवणाऱ्या द्रव्यात मिसळून कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंब थेंब सोडतात. काळे, गोल मणी तयार होतात, दिसायलाही सुरेख. त्यांना माझा विरोध नाही. पण सांडपाण्यात फॉस्फेट भरपूर असेल तर ते मण्यांमधलं कॅल्शियम ओढून घेतं, मणी आधी मऊ पडतात आणि मग विरघळतात. शिवाय जेलीच्या थरातून ऑक्सिजन आत पोचायला आणखी एक अडथळा. मला उघड्या कोळशावर स्वतःहून बसलेली बायोफिल्म, म्हणजे जिवाणूंचा चिकट थर, जास्त भरवशाची वाटते.

इतका खटाटोप करून मिळतं काय? फिनॉल हे जिवाणूंचं अन्न आहे आणि विषही. कमी प्रमाणात ते त्यावर वाढतात, प्रमाण वाढत गेलं की वाढ मंदावते आणि एका टप्प्यानंतर थांबते. कारखान्याचं सांडपाणी काही एकसारखं येत नाही. मध्येच एखादी तीव्र खेप येते आणि मोकळे जिवाणू त्यात मरतात. कोळसा असला तर त्या खेपेतलं बरंचसं फिनॉल तो स्वतःकडे ओढून घेतो, पाण्यातलं प्रमाण सोसण्याइतकं राहतं. मग जिवाणू पाण्यातलं फिनॉल खात जातात तसतसं कोळशातलं हळूहळू बाहेर येतं. या परत सुटण्यामुळे कोळशाची जागा पुन्हा मोकळी होते. ही गोष्ट मला या सगळ्या विषयातली सर्वात मोलाची वाटते. नुसता कोळसा एकदा भरला की संपला. जिवाणूंबरोबर तो पुन्हा पुन्हा रिकामा होऊ शकतो.

पूर्ण रिकामा मात्र होत नाही. सर्वात अरुंद छिद्रांत घट्ट बसलेले रेणू सहजी सुटत नाहीत, आणि तिथे जिवाणू पोचत नाहीत. वापरलेला कोळसा मिथेनॉलने धुतला की त्यातलं बरंच बाहेर काढता येतं. हे मोजमाप ज्या कामात नसतं त्या कामातल्या टक्केवारीवर मी विसंबत नाही.

माझी आवडती खूण वेगळीच आहे, आणि तिला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. आमच्याकडे नुकतीच आलेली एक मुलगी सकाळी फिनॉल आणि मोकळ्या जिवाणूंचा फ्लास्क घेऊन धावत आली. "ताई, हा रात्रीत पिवळा झाला. कंटॅमिनेशन झालं का? टाकून देऊ?" फ्लास्क लिंबासारखा पिवळा झाला होता. मी तिला म्हटलं, टाकू नकोस, खाली बस आणि बघत राहा. फिनॉलवर आधी एक हायड्रॉक्सिल गट चढतो आणि कॅटेकॉल बनतं. मग जिवाणू कॅटेकॉलमधलं सहा कार्बन अणूंचं कडं फोडतो. काही जिवाणू ते दोन हायड्रॉक्सिल गटांच्या मधून फोडतात, काही त्यांच्या शेजारून. शेजारून फोडलं की जे द्रव्य बनतं त्याचा रंग पिवळा असतो आणि ते ३७५ नॅनोमीटरला प्रकाश शोषतं. म्हणजे तो पिवळा रंग सांगत होता की बेंझीनचं कडं इथे, या क्षणी फुटतं आहे. नुसत्या कोळशाने असा रंग येणं शक्यच नाही. तिने थोडं द्रावण वेगळं काढून त्यात आम्लाचा थेंब टाकला, पिवळा गेला. मग अल्क टाकलं, पिवळा परत आला. दुपारपर्यंत मूळ फ्लास्कही फिकट होत गेला, कारण जिवाणू ते पिवळं द्रव्यही पुढे मोडत होते.

कोळसा घातलेल्या फ्लास्कमध्ये हाच पिवळा फार फिका दिसतो, कारण कोळसा तेही थोडं शोषून घेतो. तेव्हा रंग दिसला तर तो चांगला पुरावा आहे, पण नाही दिसला म्हणून काम होत नाही असंही म्हणता येत नाही. आणि फ्लास्क तपकिरी होत चालला तर सावध व्हायचं. कॅटेकॉल साचतंय आणि हवेने काळवंडतंय, अशी दाट शक्यता असते.

हवेवरून आठवलं. एक साधा हिशोब कागदावर करून बघा. फिनॉलचा एक रेणू पूर्ण जाळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करायला ऑक्सिजनचे सात रेणू लागतात. ९४ ग्रॅम फिनॉलला २२४ ग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे एका ग्रॅमला साधारण २.४ ग्रॅम. पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम फिनॉल असेल तर २३८ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा. जिवाणू काही कार्बन स्वतःच्या अंगाला लावतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा कमी लागतो. पण २५ अंशाला पाण्यात विरघळून मावतो तो जेमतेम ८ मिलिग्रॅम! बाकीचा सगळा सतत आत सोडत राहावा लागतो. जाड बायोफिल्ममध्ये तर तो एक-दोन दशांश मिलिमीटरच्या पलीकडे फारसा पोचतच नाही. कितीतरी प्रकल्पांत कोळशाच्या प्रकारावर महिनोन्महिने चर्चा होते आणि हवेच्या नळीकडे कुणी लक्ष देत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नायट्रोजन आणि फॉस्फरसचंही तेच. ऑक्सिजनच्या मागणीच्या शंभर भागांना नायट्रोजन पाच आणि फॉस्फरस एक, हे जुनं प्रमाण आजही उपयोगी आहे. नुसत्या फिनॉलच्या पाण्यात ही दोन्ही नसतात.

आता पुराव्याबद्दल. कोळसा आणि जिवाणू एकत्र असलेल्या भांड्याशेजारी मी नेहमी तीन भांडी मांडते: फक्त कोळसा, फक्त मोकळे जिवाणू, आणि कोळशावर बसवून मग १२१ अंशाला ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेत ठेवून, मारलेले जिवाणू. तिसरं भांडं लोक गाळतात. पण मेलेल्या पेशीही प्रदूषक धरून ठेवतात, आणि त्यांनी छिद्रांची तोंडं बुजवली तर कोळशाचं शोषणही बदलतं. हे भांडं नसेल तर जिवंतपणाचा वाटा वेगळा काढायला आधारच उरत नाही. त्याशिवाय पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बनही बघते. फिनॉल शून्य आणि कार्बन तसाच, असं असेल तर फिनॉलचं रूप बदललं, पण पुढचं काम अडलेलं आहे.

जिवाणू मोजणं हीसुद्धा एक परीक्षाच. बायोफिल्म मोजायला सहसा क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग वापरतात. कोळशावर तो वापरून काही अर्थ नाही, कोळसा स्वतःच तो रंग पिऊन टाकतो आणि आकडा फुगतो. चमकणाऱ्या रंजकांनाही हाच त्रास. डीएनए काढायला जावं तर तोही कोळशाला चिकटून बसतो. ज्या गुणासाठी आपण हा पदार्थ घेतला, तोच गुण प्रत्येक मोजमापात आडवा येतो. एकाच पद्धतीवर भरवसा न ठेवता दोन-तीन वेगळ्या वाटांनी तोच आकडा तपासणं एवढंच आपल्या हातात राहतं.

कापडरंगांच्या पाण्यात ही काळजी आणखी लागते. अझो रंगांमधला दोन नायट्रोजनमधला बंध ऑक्सिजन नसताना जिवाणू तोडतात आणि पाणी बघता बघता रंगहीन होतं. पण तुटून जी अरोमॅटिक अमाइनं बनतात, त्यातली काही मूळ रंगापेक्षा घातक असतात. त्यांना मोडायला सहसा पुढे हवेशीर टप्पा लागतो. स्वच्छ दिसणारं पाणी बघून पहिल्या टप्प्यावरच थांबणं धोक्याचं आहे. या बिनऑक्सिजनच्या टप्प्यात कोळसा आणखी एक काम करतो. त्याच्या पृष्ठभागावरचे क्विनोन गट इलेक्ट्रॉन घेऊ आणि देऊ शकतात, आणि जास्त तापमानाच्या कोळशातून ते वाहूही शकतात. २०१४ साली जिओबॅक्टर या जिवाणूच्या दोन जातींमध्ये बायोचारमार्फत इलेक्ट्रॉनची थेट देवाणघेवाण होते हे दाखवलं गेलं. तेव्हापासून कोळसा म्हणजे फक्त बसायची जागा, असं म्हणणं मी सोडलं.

कल्पना तशी नवी नाही. जिवाणूंचा गाळ हवेत ढवळून सांडपाणी साफ करण्याची पद्धत आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ साली मँचेस्टरमध्ये मांडली, आणि १९७०च्या दशकात ड्यूपॉन्ट कंपनीने त्याच गाळात सक्रियित कार्बनची, म्हणजे खास प्रक्रियेने छिद्रं वाढवलेल्या कोळशाची, भुकटी घालून बघितली. बायोचारने त्यात कच्च्या मालाचं ओझं हलकं केलं, कारण तो टाकाऊपासून बनतो आणि त्याला वेगळं सक्रियण लागतंच असं नाही.

लॅबमधल्या पाण्यात जे जमतं ते खऱ्या सांडपाण्यात जमेलच असं नाही. तिथे आधीपासून हजारो प्रकारचे जिवाणू असतात, पचायला सोपं अन्न असतं, आणि जिवाणू खाणारे प्रोटोझोआ, म्हणजे त्यांच्याहून मोठे एकपेशीय जीव, असतात. आपण सोडलेला जिवाणू यात बऱ्याचदा हरवून जातो. इथेही कोळशाच्या अरुंद पोकळ्या कामी येतात. काही मायक्रोमीटरच्या तोंडातून जिवाणू आत जातो, त्याच्या मागे लागलेला सिलिएट, म्हणजे केसाळ अंगाचा प्रोटोझोआ, शिरू शकत नाही. तरी माझा अनुभव असा की काही काळाने कोळशावर स्थानिक जिवाणूच बहुसंख्य होतात, आणि तेही फिनॉल खातात. त्यामुळे बाहेरून आणलेल्या एका खास जातीच्या हट्टापेक्षा त्याच सांडपाण्यातला गाळ घेऊन कोळशावर मुरवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

राहतो तो वापरून झालेला कोळसा. सांडपाण्यात क्रोमियम किंवा शिसं असेल तर ते कोळशावरच साचत जातं. जिवाणू धातूचं रूप बदलू शकतात, धातू नाहीसा करू शकत नाहीत. असा कोळसा शेतात टाका म्हणणाऱ्यांना मी हात जोडून नको म्हणते. फक्त सेंद्रिय प्रदूषकं असलेल्या कोळशाची गोष्ट वेगळी, त्याला विश्रांती देऊन बघता येतं. सध्या आम्ही तेच करतोय. कोळसा भरलेल्या स्तंभाला सांडपाणी देणं थांबवायचं, हवा आणि पोषक द्रव्यं चालू ठेवायची, आणि विश्रांतीच्या आधी आणि नंतर कोळशाचा तुकडा काढून मिथेनॉलने धुवून त्यातलं फिनॉल मोजायचं. अरुंद छिद्रांतलं किती परत सुटतं आणि किती कायमचं अडकतं, हे त्यातून कळायला हवं. आकडे हातात आले की इथे मांडेन, मिथेनॉलच्या धुवणाचे आकडे सगळ्यात आधी.